मायामी बीचवरचा फ्लॅट खरा होता, मालकीण खोटी होती

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे एडिसनला आले होते. न्यू जर्सीच्या थंडीने बाबांचे गुडघे पार धरले. नाताळच्या सुट्टीत त्यांना जरा उबेला न्यावं म्हणून आम्ही मायामी बीच ठरवलं. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेऊ, हा आग्रह माझा होता. आईला सकाळी स्वतःच्या हातचा चहा लागतो आणि बाबांना रात्री मऊ भात.

भाड्याच्या घरांच्या एका मोठ्या साइटवर कॉलिन्स अव्हेन्यूवरचा दोन बेडरूमचा फ्लॅट दिसला. बाल्कनीतून समुद्र दिसत होता आणि भाडं रात्रीला १९० डॉलर. त्या आठवड्यात तिथे तशा जागांना चारशेच्या वर मोजावे लागत होते. आयत्या वेळी कुणीतरी बुकिंग रद्द केलंय, म्हणून स्वस्त, असं खाली लिहिलं होतं. ते मला पटलं, कारण पटावं अशी माझी इच्छा होती.

मी मेसेज केला तर तासाभरात उत्तर. बाई फार गोड बोलायच्या. आई-बाबा भारतातून आलेत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, ‘वडिलांना जिने चढायला त्रास होतो का? लिफ्ट आहे, काळजी करू नका.’ मग म्हणाल्या, साइट दोन्हीकडून कमिशन घेते, आपण व्हॉट्सॲपवर ठरवू, तुमचेच पैसे वाचतील. त्यांनी पाच पानी करारनामा पाठवला. त्यात कचरा कधी टाकायचा आणि पार्किंग कुठे, इथपर्यंत सगळं लिहिलेलं. मी तो दोनदा वाचला. नवऱ्याने तेव्हा एकच गोष्ट विचारली होती, ‘साइट सोडून बाहेर कशाला?’ मी त्याला गप्प केलं.

सहा रात्रींचे ११४०, साफसफाईचे १५०, डिपॉझिट ५००. एकूण १७९० डॉलर, म्हणजे आपले दीड लाख रुपये. दोन हप्त्यांत झेलने पाठवले, म्हणजे अमेरिकेतल्या एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवायच्या सोयीने. पाठवताना पडद्यावर एका पुरुषाचं नाव आलं. बाई म्हणाल्या, नवऱ्याचं खातं आहे. तिथेच थांबायला हवं होतं.

मायामीजवळच्या फोर्ट लॉडरडेलला विमान उशिरा उतरलं. इमारतीत पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाहेर उबदार वारा होता आणि बाबा स्वेटर काढून हातात घेऊन उभे. बाईंनी दाराचा चार आकडी कोड पाठवला होता. पण लॉबीच्या दाराला आकडे दाबायची सोयच नव्हती, तिथे नुसतं कार्ड चालत होतं. आत टेबलाशी बसलेल्या पहारेकऱ्याने दार उघडलं, माझ्या फोनवरचा फ्लॅट नंबर वाचला आणि काही न बोलता टेबलावरचा एक कागद माझ्यासमोर सरकवला. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं: या इमारतीत सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने जागा भाड्याने दिली जात नाही. म्हणजे तो कागद छापून ठेवावा लागला होता. आमच्याआधी इतकी माणसं तिथे बॅगा घेऊन उभी राहिली होती.

मी बाईंना मेसेजवर मेसेज टाकत होते. प्रत्येकावर एकच टिक. फोन लागत नव्हता. आई बॅगेवर बसली. तिच्या मांडीवर पिशवीत मेतकुटाचा डबा आणि छोटा कुकर होता. ती एवढंच म्हणाली, ‘असू दे गं, कुठेतरी पाठ टेकली म्हणजे झालं.’ ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. रात्री साडेअकराला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात दोन खोल्या मिळाल्या, समुद्रापासून लांब, आणि सहा रात्रींचं बिल त्या फ्लॅटच्या दुपटीहून जास्त झालं.

बँकेने स्पष्ट सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत आणता येणार नाहीत. पोलिसात तक्रार नोंदवली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राच्या साइटवरही भरली. एक डॉलर परत आलेला नाही. तरी तक्रार करा, कारण तेच खातं दुसऱ्या कुणाच्या तक्रारीत निघालं तर दुवा जुळतो. क्रेडिट कार्डाने दिले असते तर, न मिळालेल्या सेवेबद्दल, स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. झेलचे पैसे म्हणजे हातात दिलेली रोकड समजा.

परत आल्यावर मी एक रात्र जागून जे शोधलं, ते जायच्या आधी अर्ध्या तासात झालं असतं. मायामी-डेड काउंटीच्या मालमत्ता मूल्यांकन कार्यालयाच्या साइटवर पत्ता आणि फ्लॅट नंबर टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. करारावरचं नाव वेगळं, खात्यावरचं वेगळं आणि खरा मालक तिसराच. जाहिरातीतले फोटोच गूगलमध्ये टाकून शोधले, तर तोच फ्लॅट पूर्वी विकायला काढला होता तेव्हाच्या जाहिरातीतले निघाले. आता बघितलं की कळतं, त्या स्वयंपाकघरात एक कपसुद्धा नव्हता. विकायच्या घराचे फोटो तसेच असतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. मायामी बीच शहरात स्वतंत्र घरं आणि बऱ्याच निवासी इमारती सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीने भाड्याने देणं बेकायदा आहे. ठरावीक भागांतच परवानगी मिळते, आणि ज्याला मिळते त्याला जाहिरातीत शहराच्या व्यवसाय कराच्या पावतीचा आणि रिसॉर्ट टॅक्स (मुक्कामाच्या भाड्यावरचा शहराचा कर) नोंदणीचा नंबर द्यावा लागतो. फ्लोरिडा राज्याचा परवाना वेगळा, तोही ऑनलाइन तपासता येतो. मालक खरा असला आणि परवाना नसला, तरी शहराचे अधिकारी येऊन पाहुण्यांना बाहेर काढतात. म्हणून फोटो, रिव्ह्यू, गोड बोलणं हे सगळं नंतर. आधी नंबर मागा.

परवा पुण्याहून भावाचा फोन आला. गोव्यात कळंगुटला व्हिला बघितलाय, निम्मे पैसे आज युपीआयने मागतायत. गोव्यातही पर्यटकांना घर द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ पासूनचा कायदा आहे. त्याला म्हटलं, फक्त नोंदणी क्रमांक विचार. त्याने विचारला. समोरून उत्तर आलं, ‘सर, बुकिंग कन्फर्म झालं की पाठवतो.’ भावाने पैसे पाठवले नाहीत.

माझ्या त्या फ्लॅटचे फोटो गेल्या आठवड्यात पुन्हा दिसले, दुसऱ्या साइटवर, दुसऱ्या बाईच्या नावाने. मी कळवलं, दोन दिवसांनी जाहिरात काढली गेली. ती परत येईल म्हणून खुणा सांगून ठेवते: पांढरा सोफा, त्यामागे भिंतीवर निळं चौकोनी चित्र, बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या आणि त्यांतल्या डावीकडच्या खुर्चीवर पिवळी उशी.