ग्नूकॅश (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरून बघितलं : साडेआठ हजार सापडले की ओ!

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या सुतवाल्याचा फोन, गड्ड्याच्या (सोलापूरच्या जानेवारीतल्या यात्रेच्या) आधीचे ८,४५० आले नाहीत म्हणे. मी दिलेले, पण कुठून दिले? माझं सेव्हिंग, दुकानाचं करंट, मंडळीचं खातं आणि गल्ल्यातली कॅश, चार ठिकाणं. आधी एक मोबाईल अ‍ॅप वापरायचो त्यात एकेक खातं उघडून अंगठा झिजेपर्यंत स्क्रोल, शेवटी वैतागून काढूनच टाकलं.

आता कॉम्प्युटरवर ग्नूकॅश आहे, फुकट आहे. सगळ्या खात्यांची यादी असते ना त्या टॅबवर जाऊन कंट्रोल-एफ दाबायचं, मग सगळीकडे एकदम शोधतं. मी आधी 'सूत' टाकलं, काहीच नाही, कारण घाईत मीच 'धागा पेमेंट' लिहिलेलं (आपलीच करणी). मग नावाचा नाद सोडला, रकमेवर गेलो, ८४५० बरोबर. दोन एन्ट्र्या आल्या, एक टॉवेलच्या गिऱ्हाइकाची. मग त्याच निकालावर तारखेची अट लावली, नव्याने शोधायची गरज नाही, जानेवारीच्या आतलं एवढंच ठेवलं आणि हे बघा, मंडळीच्या खात्यातून गेलेले! डबल एन्ट्री (प्रत्येक व्यवहार देणाऱ्या-घेणाऱ्या दोन्ही खात्यांत लिहिलेला) असल्यामुळं पैसे कुठून कुठं गेले तेपण समोरच दिसतं.

बँकेचं स्टेटमेंट मात्र आपणच डाउनलोड करून आत घ्यायचं, तेवढा रविवार जातो. शिकायलाही आठवडा गेला माझा. सुतवाल्याला स्क्रीनशॉट पाठवला, अजून निळी टिक आहे फक्त.