नाव बीएमईचं, चिप बीएमपीची: सीओटू आणि आर्द्रता सेन्सर घेताना होणारी फसवणूक

नागपुरातल्या अंतिम वर्षाच्या एका गटाला वर्गातली हवा मोजणारं यंत्र करायचं होतं. ईएसपी-३२ हा छोटा नियंत्रक-बोर्ड, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड, एवढंच. समाजमाध्यमावर जाहिरात करणाऱ्या एका विक्रेत्याने "बीएमई-२८० आणि ओरिजिनल सीओटू सेन्सर" असा संच देऊ केला आणि पैसे यूपीआयवर आधीच घेतले. पुडक्यातून निघाला बीएमपी-२८० आणि टिन ऑक्साइडचा एक स्वस्त वायू-सेन्सर. सेन्सर वाचणारी तयार कोडची लायब्ररी "सेन्सर सापडत नाही" म्हणू लागली, तेव्हा विक्रेत्याने वायरिंग तपासा, मग लायब्ररी बदला, मग पुल-अप रेझिस्टर लावा, असं सांगत परतीची मुदत संपवली. पुढे त्याने फोन उचललाच नाही. या सगळ्यात मुलं आपलंच सोल्डरिंग चुकलं असं समजून रात्री घालवतात, याची आम्हाला सर्वांत जास्त चीड आहे.

बीएमई-२८० तापमान, दाब आणि आर्द्रता मोजतो. बीएमपी-२८० आर्द्रता मोजतच नाही, आणि तो बराच स्वस्त आहे. दोन्हींसाठी एकच बोर्ड वापरतात. त्यावर दोन्ही नावं छापलेली असतात, त्यामुळे छपाई पाहून काही कळत नाही. चिपचं धातूचं झाकण भिंगातून पाहा: बीएमई चौकोनी, २.५ बाय २.५ मिलिमीटर, बीएमपी किंचित आयताकृती, २ बाय २.५. पक्का पुरावा मात्र चिपचा ओळखक्रमांक. आय-टू-सी (दोन तारांच्या जोडणीवरचा) पत्ता हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) ७६ किंवा ७७ वर रजिस्टर, म्हणजे चिपमधली नोंदीची जागा, हेक्स डी० वाचा. उत्तर हेक्स ६० आलं तर बीएमई, हेक्स ५८ आलं तर बीएमपी. हे वाचायला दहा ओळींचा कोड पुरतो. ५८ आल्यावर कोणतीही लायब्ररी बदलून आर्द्रता मिळणार नाही, त्यामुळे "लायब्ररी बदला" या सल्ल्यावर एक दिवसही घालवू नका.

सीओटूच्या बाबतीत लबाडी जास्त खोल जाते, कारण इथे पडद्यावर आकडा दिसतो आणि तो पटण्यासारखा असतो. एमक्यू-१३५ हा तापवलेल्या टिन ऑक्साइडचा सेन्सर. अमोनिया, अल्कोहोल, बेंझीन, धूर अशा वायूंनी त्याचा विद्युत-रोध बदलतो. हवेतल्या चारशे-हजार पीपीएम (दहा लाखांतले भाग) कार्बन डायऑक्साइडचा त्याला वेगळा पत्ता लागत नाही. मग मोकळ्या हवेत तो ४०० कसा दाखवतो? कारण प्रचलित कोडमध्ये "आत्ता हवेत सुमारे ४०० पीपीएम आहे" असं आपणच गृहीत धरून मूळ रोध काढतो. आपण घातलेला आकडाच परत येतो. खोलीत माणसं जमली की आकडा वाढतो तो घाम, अत्तर, श्वासातले इतर वायू आणि ओलावा यांच्यामुळे. कूलर सुरू केला तरी हलतो.

सीसीएस-८११ आणि एसजीपी-३० हे वायू-सेन्सर वेगळ्या दर्जाचे आहेत, पण तेही सेंद्रिय वायू किंवा हायड्रोजन मोजून त्यावरून "समतुल्य सीओटू" काढतात. त्यांच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. विक्रेता तेवढा "समतुल्य" शब्द गाळतो. आकडा ४०० च्या खाली कधीच जात नसेल आणि सुरू केल्यावर काही सेकंद बरोबर ४०० वरच अडकून राहत असेल, तर संशय घ्या.

खरा सीओटू सेन्सर मुख्यतः दोन पद्धतींनी काम करतो. एनडीआयआर या अवरक्त पद्धतीत ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश वायूने किती शोषला ते पाहतात; एमएच-झेड१९ हा त्यातला विद्यार्थ्यांना परवडणारा. एससीडी-४० आणि ४१ मध्ये शोषलेल्या प्रकाशाने होणारा सूक्ष्म आवाज टिपतात. यासाठी दिवा, कक्ष आणि शोधक लागतात, म्हणून शे-दीडशे रुपयांत असा सेन्सर मिळणं शक्य नाही. त्या किमतीला कोणी "सीओटू" म्हणत असेल तर तिथेच थांबा.

घरी तपासणी अशी करा. सेन्सर निदान अर्धा तास चालू ठेवा (एमक्यू असेल तर एक-दोन दिवस), मग सॅनिटायझरचा बोळा त्याच्याजवळ धरा. या वेळी त्यावर श्वास सोडू नका, कारण श्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम सीओटू असतो. बोळ्याने आकडा हजारोंनी उसळला तर तो सीओटू सेन्सर नव्हे. मग उलट बाजू तपासा: २० लिटरच्या झाकणाच्या डब्यात सेन्सर ठेवा, वाटीत एक दशांश (०.१) ग्रॅम खाण्याचा सोडा आणि तेवढंच लिंबूसत्त्व टाका, थोडं पाणी घालून झाकण लावा. हजार-दीड हजार पीपीएमची वाढ दिसायला हवी. सोडा जास्त घातलात तर पल्ल्याबाहेर जाईल. व्हिनेगर नको, त्याच्या वाफेने चाचणीच बिघडते.

एमएच-झेड१९ ला ५ व्होल्टच द्या. त्याचे सिग्नल ३.३ व्होल्टचे असल्याने ईएसपी-३२ ला थेट जोडता येतात. ९६०० बॉडच्या वेगाने एफएफ ०१ ८६ ०० ०० ०० ०० ०० ७९ हे हेक्समधले बाइट पाठवल्यावर ९ बाइट परत येतात. तिसरा गुणिले २५६ अधिक चौथा म्हणजे पीपीएम. शेवटचा बाइट, म्हणजे पडताळणीचा चेकसम, जुळलाच पाहिजे. एक गोष्ट मात्र विक्रेत्याच्या माथी मारू नका: हा सेन्सर दर २४ तासांतल्या सर्वांत कमी आकड्याला ४०० मानून स्वतःला जुळवून घेतो. कायम बंद असलेल्या वसतिगृहाच्या खोलीत किंवा ढिंगरी अळिंबीच्या शेडमध्ये त्यामुळे आकडे हळूहळू खाली घसरतात. ही सवय एफएफ ०१ ७९ ०० ०० ०० ०० ०० ८६ ने बंद होते.

आर्द्रतेत नागपूरचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्याच्या दुपारी इथे आर्द्रता २० टक्क्यांखाली जाते आणि डीएचटी-११ या आर्द्रता-सेन्सरची हमी २० पासूनच सुरू होते, तीही अधिक-उणे ५ टक्क्यांची. डीएचटी-२२ किंवा एसएचटी-३१ घ्या. डीएचटी-२२ च्या कोडमध्ये आर्द्रता ११५२ टक्के अशी अशक्य दिसली, तर तुमच्या हातात डीएचटी-११ आहे: आर्द्रता ४५ टक्के असताना तो ४५ हा पूर्णांक वरच्या बाइटमध्ये पाठवतो, आणि कोड त्याला ४५ गुणिले २५६ भागिले १० असं वाचतो. एससीडी-४० मध्येही आर्द्रता मिळते, पण ती सीओटूच्या दुरुस्तीपुरतीच धरा. अचूकता तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ ओल्या वाळूसारखं भिजवा, सेन्सरसह झिपच्या पिशवीत आठ तास बंद ठेवा. २५ ते ३० अंशांना आत ७५ टक्के आर्द्रता असते. मिठाचा कण सेन्सरला लागू देऊ नका.

खरेदी बर्डीतून (सीताबर्डीच्या बाजारातून) करा वा ऑनलाइन, बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या. "सेन्सर मॉड्यूल १ नग" असं बिल नंतर उपयोगी पडत नाही. पुडकं उघडताना अखंड व्हिडिओ काढा आणि ओळखक्रमांकाची चाचणी त्याच दिवशी करा. दुकानात आधी विचारा: "भाऊ, चिप आयडी ५८ निघाला तर परत घ्याल ना?" आणि ते बिलामागे लिहून घ्या.

फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ई-कॉमर्स संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावं, असा २०२० चा नियम आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. यूपीआयने पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल तर त्याच तासाला १९३० या सायबर-फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.

सबमिशन तोंडावर असेल आणि हातात एमक्यू-१३५ च असेल, तर आलेखाच्या अक्षावरचं "सीओटू, पीपीएम" काढा आणि "वायू-सेन्सरचा सापेक्ष प्रतिसाद" लिहा. बीएमपी-२८० चा दाब आणि तापमान वापरता येतं. आर्द्रतेचा रकाना रिकामा ठेवून कारण लिहा आणि चिप आयडीचा स्क्रीनशॉट अहवालाला जोडा.