स्कॉटिश पूर्वज शोधताना पैसे कुठे घालावेत, आणि दोघं सख्खे भाऊ होते हे ठरवायचं कशावरून

लग्न होऊन स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ रेल्वेत नोकरीला मुंबईला गेला आणि तिकडेच वारला असं घरात सगळे म्हणायचे, पण तो सख्खा, सावत्र की चुलत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी मुंबईची म्हणून ते काम आपसूक माझ्याकडे आलं. दोन वर्षं त्यात घालवल्यावर लिहितेय, कारण सुरुवातीला मी चुकीच्या ठिकाणी बरेच पैसे घातले, तुमचे तरी वाचावेत.

फुकटात सुरुवात करायची तर फॅमिलीसर्च ही वेबसाइट. स्कॉटलंडमधे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, त्याआधीचं सगळं चर्चच्या पॅरिश रजिस्टरांत (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), आणि त्यातले बाप्तिस्मे आणि लग्नं यांची सूची इथे बऱ्यापैकी आहे. एक युक्ती सांगते, मुलाचं नाव रिकामं ठेवायचं आणि फक्त बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव आणि पॅरिश टाकायचं, की त्या जोडप्याची नोंदलेली मुलं एकाखाली एक येतात. पण ही फक्त सूची, मूळ पान नाही. आणि सूचीत मूल नाही म्हणजे झालंच नाही असंही नाही, कारण तेव्हा नोंद सक्तीची नव्हती, १७८३ ते १७९४ या काळात तर नोंदीवर तीन पेनी कर होता म्हणून गरीब घरं टाळायचीच.

दुसरा पर्याय वर्षाच्या सबस्क्रिप्शनचा, ॲन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या वेबसाइट. इंग्लंडचे पूर्वज असतील तर जरूर घ्या. स्कॉटलंडसाठी मात्र यांच्याकडे सेन्ससचा, म्हणजे जनगणनेचा, टाइप केलेला उतारा मिळतो, मूळ पानाचा फोटो नाही, आणि १८५५ नंतरचे जन्म-मृत्यूचे दाखले पण नाहीत. मी आधी हेच घेतलं होतं, उतारे वाचून एक अख्खं झाड बनवलं आणि मग कळलं की त्यातला एक माणूस शेजारच्या पॅरिशमधला त्याच नावाचा दुसराच होता. फाइंडमायपास्टचा खरा उपयोग मला मुंबईच्या बाजूने झाला, ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची (लंडनमधून भारताचा कारभार बघणारं सरकारी खातं) मुंबई इलाख्याची बाप्तिस्मा, लग्न, दफन ही रजिस्टरं तिथे पानासकट बघता येतात. (नुसती सूची चालणार असेल तर फिबिसच्या, म्हणजे ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या, डेटाबेसमधे फुकट शोधून बघा.) आमच्या माणसाचं दफन तिथे सापडलं, नाव, वय, हुद्दा, मरणाचं कारण, सगळं होतं. आईबाप मात्र नाहीत. म्हणजे मुंबईत मेला कोण ते कळलं, पण तो कुणाचा ते नाही.

ते कळतं स्कॉटलंड्सपीपलवर, ही सरकारी साइट. इथे वर्गणी नाही, क्रेडिट विकत घ्यायचे, मी घेतले तेव्हा ३० क्रेडिट साडेसात पौंडांना होते आणि एका पानाला ६ लागायचे, म्हणजे दीड पौंड. महाग वाटतं, पण तुमचा प्रश्न भावंडांचा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पैसे इथेच घाला. इकडच्या नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव कधी पुसलं जात नाही, मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर असतं, त्याच्या लग्नाच्या असतं, तो म्हातारा होऊन मेला तरी दाखल्यावर आईचं माहेर लिहिलेलं. बापाच्या नावाचे गावात दहाजण असतील, पण बाप आणि आईचं माहेर ही जोडी सहसा एकच निघते.

आणि १८५५ साल म्हणजे लॉटरीच. त्या एका वर्षी जन्माच्या दाखल्यावर आईबापाचं वय, जन्मगाव, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती जिवंत किती गेलेली, एवढं सगळं लिहून घेतलंय. पुढच्या वर्षीपासून ते बंद केलं, मग १८६१ पासून आईबापाच्या लग्नाची तारीख आणि जागा तेवढी परत आली. आमचे पणजोबा नेमके १८५५ चे, धाकटा १८६२ चा. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली, आईचं आडनाव एकच, लग्नाची तारीख एकच, गाव पण तेच. मी सासूबाईंना हाक मारली आणि त्या चष्मा न लावताच धावत आल्या.

पण १८६२ ला जन्मलेला तो पोरगा आणि मुंबईत पुरलेला माणूस एकच कशावरून? ते मिळालं मृत्युपत्रांच्या रजिस्टरांत, तीही याच साइटवर आहेत, १५१३ पासून १९२५ पर्यंत. परदेशात वारलेल्या स्कॉटिश माणसाचं इकडे काही शिल्लक असेल तर ते प्रकरण एडिंबराला नोंदलं जायचं. धाकट्याच्या बँकेत थोडे पैसे होते, त्या पानावर तो मुंबईत वारल्याचं आहे आणि पैसे घेणारा कोण, तर पणजोबा, नावापुढे ‘ब्रदर जर्मन’. जर्मनीशी याचा काही संबंध नाही, स्कॉटिश कायद्यात याचा अर्थ सख्खा भाऊ, एकाच आईबापाचा. बाप एक आणि आई वेगळी असेल तर ‘कॉन्सँग्विनियन’, आई एक आणि बाप वेगळा तर ‘युटेराइन’. आपण सख्खा-सावत्र म्हणतो त्यापेक्षाही बारीक फोड आहे ही, आणि हा शब्द सापडला की पुढे वाद राहत नाही.

बाकी सेन्ससवर भावंडं ठरवणार असाल तर १८४१ च्या पानावर अजिबात विसंबू नका, त्यात नातंच लिहिलेलं नाही आणि पंधराच्या वरची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली ओढलीत, एका घरात राहणारा पोरगा भाचा पण असू शकतो. १८५१ पासून नातं येतं, तेही घरातल्या कर्त्याशी. मृत्यूच्या दाखल्यात खबर देणाऱ्याची सही बघा, तिथे कधी कधी ‘भाऊ’ असं सरळ लिहिलेलं असतं, आणि हे सूचीत येत नाही, पानच बघावं लागतं.

नावांचा रिवाज आपल्यासारखाच आहे, थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, त्यामुळे अंदाज बांधायला मदत होते, पुरावा म्हणून नाही. मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव परत ठेवायचे हेही लक्षात असू द्या, नाहीतर मेलेल्या मुलाच्या दाखल्यावर जिवंत माणसाचं आयुष्य रचाल.

डीएनए टेस्टचं खूपजण विचारतात. कागद संपले असतील, किंवा बापाचं नावच नोंदलेलं नसेल, तर करा. पण चार-पाच पिढ्यांमागचे दोघं सख्खे की चुलत हे टेस्ट नीट सांगू शकत नाही, एवढ्या लांबच्या नातलगांत जुळणारा तुकडा असेलच असंही नाही.

दहापेक्षा जास्त पानं लागणार असतील आणि स्कॉटलंडला येणं जमणार असेल तर एडिंबराच्या स्कॉटलंड्सपीपल सेंटरमधे आधी जागा बुक करून या, आम्ही गेलो तेव्हा दिवसाचे १५ पौंड होते आणि त्यात हवी तेवढी पानं. ऑनलाइन जन्माचे फोटो १०० वर्षं, लग्नाचे ७५ आणि मृत्यूचे ५० वर्षं बंद असतात, तिथे मात्र अलीकडचेही बघता येतात. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या, जेवायला उठल्याच नाहीत.