कुत्र्याची गाठ: सुई टेस्ट का सरळ बायोप्सी?

आमचा बंड्या 11 वर्षांचा, नसबंदी केलेली नव्हती. शेपटीखाली हरभऱ्याएवढी गाठ होती ती दोन महिन्यांत बोराएवढी झाली, बसला की घासायची आणि लादीवर रक्ताचा ठिपका. पुण्यात तळजाई टेकडीवर फिरायला भेटणाऱ्या प्रत्येकाकडे सल्ला तयार, निम्मे म्हणाले आधी सुई, निम्मे म्हणाले काढूनच टाका.

सुईचं सुख मान्य. भूल नाही, टाके नाहीत, इंजेक्शनचीच बारीक सुई गाठीत घालून पेशी ओढायच्या आणि काचेच्या स्लाइडवर बघायच्या, मी तोंड धरलं, पाच मिनिटांत काम झालं आणि घरी येऊन पठ्ठ्या पोळी मागायला हजर. खर्चही कमी. पहिल्यांदा स्लाइडवर नुसतं रक्तच आलं, ठीके, होतं असं. दुसऱ्यांदा पेशी मिळाल्या, हेपॅटॉइड ग्रंथीच्या, म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या ग्रंथीच्या, यकृताच्या पेशींसारख्या दिसतात म्हणून ते नाव. आणि शेवटी एक ओळ: साधी की कॅन्सरची ते हिस्टोपॅथॉलॉजीने, म्हणजे गाठीचा तुकडा कापून तपासून (बायोप्सी), ठरवावं. अहो, तेच तर विचारायला दोनदा कोथरूडहून कॅम्पात आलो होतो ना! डॉक्टर शांतपणे म्हणाले, या ग्रंथीत कॅन्सरच्या पेशीही बऱ्याचदा सरळमार्गी दिसतात, गाठ आजूबाजूला घुसलीये का ते सुट्या पेशींवरून कसं कळणार. पटलं, पण ती ओळ काही डोक्यातून जाईना.

मग रक्त तपासून गाठ काढली आणि त्याच भुलेत नसबंदीही, कारण या गाठी बहुतेकदा टेस्टोस्टेरॉनवर पोसतात. बायोप्सीसाठी गाठ अख्खी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावणात, गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन. नऊ दिवस वाट बघितली, गळ्यात ती शंकूसारखी कॉलर घालून बंड्या सगळ्या दारांना धडकत होता, म्हातारं कुत्रं भुलेतून नीट उठेल ना ही धाकधूक वेगळीच. पण रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं, ॲडेनोमा म्हणजे साधी गाठ, कडा मोकळ्या म्हणजे पूर्ण निघाली. विषय संपला.

आता सुईला नावं ठेवत नाहीये हं. मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कुत्र्यांच्या त्वचेतला एक कॅन्सर, असेल तर सुईत बहुतेकदा ओळखू येतो आणि मग पहिल्याच ऑपरेशनला आजूबाजूचं जास्त कापावं लागतं, ते आधी कळलेलं बरं. गुदग्रंथीच्या पिशवीतली गाठ असेल तर तिथेही आधी सुई, शिवाय रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं नाही ना ते बघा, कुत्रं पाणी फार पीत असेल तर नक्कीच. मैत्रिणीच्या कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या पाठीवर फुलकोबीसारखी गाठ होती, सुईत सेबेशियस ग्रंथीच्या (त्वचेतल्या तेलग्रंथीच्या) फेसाळ पेशी दिसल्या, डॉक्टर म्हणाले नुसतं लक्ष ठेवा, तीन वर्षं झाली, आहे तशीच.

तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका, पण माझ्यापुरतं म्हणाल तर शेपटीखाली असली गाठ आली आणि ती काढायचीच आहे असं ठरलं, तर सुई एकदाच, तीही मास्ट सेल वगैरे नाही ना एवढं बघायला. दुसऱ्या सुईचे पैसे मी तरी बायोप्सीकडे वळवीन. आणि स्लाइड न् बाटली दोन्ही लॅबला तुम्हीच नेणार असाल तर स्कूटरच्या डिकीत एकत्र टाकू नका, फॉर्मॅलिनच्या वाफेने स्लाइडवर रंग नीट चढत नाही. बाटली डिकीत, स्लाइड खिशात.