आईचा गुडघा बदलून वर्ष होत आलं: गुडघा चांगला, बिलाचा मात्र मनस्ताप

उजव्या गुडघ्याचं टीकेआर, म्हणजे झिजलेला सांधा काढून कृत्रिम बसवायचं ऑपरेशन. लिहायचं राहूनच जात होतं, पण परवा मेडिक्लेमवाल्यांनी पुन्हा इम्प्लांटचं (म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं) स्टिकर मागितलं आणि डोकंच फिरलं, म्हणून आज लिहितेच. ऑपरेशनमध्ये काय करतात ते सगळ्यांनी यूट्यूबवर बघितलेलं असतं, त्यात जात नाही.

तर स्टिकर. मांडीच्या हाडाला बसवतात तो भाग, नडगीवरचा भाग, मधलं प्लास्टिक, प्रत्येकाच्या खोक्यात छोटी स्टिकर्स असतात, त्यावर कंपनी, साइज, लॉट नंबर. ऑपरेशन थिएटरमध्ये ती सोलून पेशंटच्या कागदांवर चिकटवतात. आमच्या बिलात मात्र 'इम्प्लांट चार्जेस' एवढी एकच ओळ आणि पुढे भलामोठा आकडा! 2017 च्या ऑगस्टमध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) गुडघ्याच्या इम्प्लांटला कमाल किंमत ठरवून दिली, साध्या कोबाल्ट क्रोम या मिश्रधातूच्या इम्प्लांटला 54,720 रुपये अधिक जीएसटी, त्याआधी त्यालाच दीड लाखाच्या वर लावायचे (आत्ताचा आकडा तेवढा तपासून घ्या). त्याच आदेशात हेही आहे की हॉस्पिटलने बिलात इम्प्लांटची किंमत, ब्रँड, उत्पादक, बॅच नंबर वेगळं लिहायचं. मी काउंटरवर मोबाइलमध्ये उघडून दाखवलं तरी एकच उत्तर, "मॅडम पॅकेज आहे, ब्रेकअप मिळत नाही." शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठे स्टिकर्सची झेरॉक्स हातात आली. पैसे आमचे, धातू आईच्या पायात, आणि कुठला बसवलाय हे कळायला अर्ज करायचा?

वर आधी 'गोल्डन नी' घ्या म्हणून मागे लागले होते. तो सोनेरी रंग म्हणजे वरचं कोटिंग, ते मुख्यतः धातूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी. आईला तसलं काही नाही. सर्जनना सरळ विचारलं तर तेच म्हणाले की साधा कोबाल्ट क्रोम पुरे. वाचले पैसे.

ऑपरेशनच्या आधीची दोन वर्षं नी कॅप, तेलं, सांध्यांसाठी म्हणून देतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि गुडघ्यात द्यायची जेलची इंजेक्शनं यात गेली. इंजेक्शनाने आईला महिनाभर बरं वाटलं, मग परत जैसे थे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना उपचारांचा सल्ला देणाऱ्या नाइस संस्थेच्या 2022 च्या गाइडलाइनमध्ये ही इंजेक्शनं आणि ग्लुकोसामाइन दोन्ही देऊ नका असंच लिहिलंय, आणि आपल्याकडे अजून सर्रास देतात. ऑपरेशन न करता जे जे केलं तो सगळाच खर्च पाण्यात, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. आता तसं म्हणणार नाही, कारण त्याच काळात फिजिओताईंनी मांडीचे व्यायाम करून घेतले होते आणि ऑपरेशननंतर वॉकर लवकर सुटला तो त्यामुळेच असं त्यांचं आणि माझंही मत आहे.

गुडघ्याबद्दल तक्रार नाही. रात्रीचा ठणका गेला, पायातला बाक गेला, जिना चढते. मांडी घालून बसत नाही, ते आधीच सांगितलं होतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर आहे, तिथली बारीक नस कापली जाते म्हणून, घाबरू नका.

घरी सगळ्यांचं लक्ष गुडघा किती वाकतो याकडे, पण तो पूर्ण सरळ होणं तितकंच महत्त्वाचं, नाहीतर चालताना लंगड राहते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा गादीकडे दाबून धरायचा. आईच्या डोळ्यांत पाणी यायचं, "पुरे गं आता" म्हणायची, तरी रोज सकाळ-संध्याकाळ करवून घेतलं. पहिले काही आठवडे यात ढिलाई केली तर नंतर फार जड जातं.

डावा गुडघाही झिजलाय, पण उजव्यासोबत त्याचेही व्यायाम चालू ठेवले तर त्याची कुरकुर कमी झालीय. डॉक्टर म्हणाले, सहन होतंय तोवर घाई नको. त्यामुळे तो खर्च सध्या तरी पुढे ढकललाय.