जर्मन पोलिसांचे जुने पी-६ पिस्तूल: शिक्के वाचून मगच घ्यावे

टेक्सासमध्ये नेमबाजीचा छंद लागल्यानंतर गेल्या वर्षी मी येथील एका दुकानातून पश्चिम जर्मन पोलिसांच्या सेवेतून निवृत्त झालेले ‘पी-६’ हे ९ मिमी पिस्तूल विकत घेतले. (भारतात हा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे.) दुकानदाराने ते ‘बर्लिन पोलिसांचे’ म्हणून विकले, परंतु घरी मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची खात्री करून भिंगाखाली धरले, तेव्हा त्यावर ‘एनआरडब्ल्यू’ ही तीन अक्षरे स्वच्छ दिसली. ती नोर्डऱ्हाइन-वेस्टफालेन या राज्याची खूण आहे. बर्लिनचा तिच्याशी काही संबंध नाही.

राज्याच्या या शिक्क्याला महत्त्व आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील हत्याकांडानंतर पोलिसांची जुनी ७.६५ मिमी पिस्तुले अपुरी ठरली आणि नव्या निकषांना वॉल्थरचे पी-५, सिग-सावरचे पी-६ व हेक्लर-कोखचे पी-७ अशी तीन पिस्तुले उतरली. त्यांतून निवड मात्र प्रत्येक राज्याने आपापली केली. पी-६ म्हणजे सिग-सावर पी-२२५ चेच पोलिसी नाव. मूळ रचना स्विस कंपनी सिगची असली, तरी स्वित्झर्लंडचे शस्त्रनिर्यातीचे नियम कडक असल्यामुळे उत्पादन जर्मनीत एकेर्नफर्डे येथील सावरच्या कारखान्यात होई.

हे सारे धातूवरच वाचता येते, आणि मला सर्वाधिक आनंद त्याचाच झाला. पंख पसरलेल्या गरुडाखालचा ‘एन’ म्हणजे धूरविरहित दारूने घेतलेली चाचणी पार पडल्याची खूण. शेजारचे दातेरी पान खाजऱ्या नेटल वनस्पतीचे, होल्स्टाइनच्या जुन्या राजचिन्हातले. ते कील येथील चाचणी कार्यालयाचे चिन्ह आहे, तर उल्मच्या कार्यालयाचे चिन्ह हरणाची शिंगे. त्यापुढील ‘जेए’ हा वर्षाचा संकेत: ‘ए’ म्हणजे ०, ‘बी’ म्हणजे १ असे मोजत, ‘आय’ वगळून, ‘जे’ म्हणजे ८. म्हणजेच १९८०. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, ‘पी-६’जवळ कोरलेल्या ११/८० या महिना-वर्षाशी ते तंतोतंत जुळते, आणि स्लाइड, सांगाडा व नळी या तिघांवरचा क्रमांकही एकच आहे, त्यामुळे सुटे भाग जोडून केलेला हा नग नाही याबद्दल माझी खात्री पटली.

हॅमरच्या, म्हणजे मागच्या घोड्याच्या, टोकाशी असलेली खाचही पाहावी. पिस्तूल हॅमरवर आपटल्यास ती वाकते आणि पिस्तूल पडल्याचे शस्त्रागाराला लगेच कळते. माझ्या नगाची खाच शाबूत आहे.

पिस्तूल हातात नेमके बसते, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या मावतात, मात्र पहिल्या गोळीसाठी चाप फारच जड आहे. माझी खरी तक्रार आयातदाराच्या नावाच्या छापाविषयी आहे. १९६८ च्या अमेरिकी कायद्यानुसार तो असणे बंधनकारकच आहे, पण इतक्या जपून ठेवलेल्या पोलादावर तो वाकडातिकडा, खोल कोरला आहे, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

पैसे देण्यापूर्वी स्लाइडच्या दोन्ही बाजूंची आणि नळीची जवळून घेतलेली छायाचित्रे मागावीत. द्यायला टाळाटाळ झाली, तर तो नग सोडून द्यावा.