मेनिन गेटची 'लास्ट पोस्ट': कधी जावं, कुठे उभं राहावं

बेल्जियममधल्या ईपर गावातलं मेनिन गेट हे पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांचं स्मारक. त्याच्या कमानीखाली रोज रात्री आठला बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना निरोप देणारी धून वाजते. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. 1928 पासूनचा हा शिरस्ता दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अंमलात मोडला. 6 सप्टेंबर 1944 ला गावाची सुटका होऊ लागली आणि त्याच संध्याकाळी तो पुन्हा सुरू झाला. कोविडमध्येही एकटा वादक येऊन वाजवून जायचा.

साधा कार्यक्रम जेमतेम पंधरा मिनिटांचा: लास्ट पोस्ट, एक मिनिट स्तब्धता, पुष्पचक्र, शेवटी रेव्हेली, म्हणजे सैनिकांना जागं करणारी धून. पाहुणी पथकं, गायकवृंद आले की तो लांबतो आणि, खरं सांगायचं तर, पातळ होतो. निवड हातात असेल तर हिवाळ्यातला आडवार गाठा. 11 नोव्हेंबरला, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवशी, गर्दीत नुसती डोकी दिसतात.

वादक मूळचे स्थानिक अग्निशमन दलाच्या परंपरेतले. बिगुलाला दाबायच्या कळा नसतात, सगळे सूर ओठांनी काढायचे. कडाक्याच्या थंडीत एखादा सूर चिरकतोच. पण दगडी छताखाली तो असा घुमतो की चिरकलेलाही अंगावर येतो. टाळ्या वाजवू नयेत, अशी आयोजकांची विनंती असते. तरी कुणीतरी वाजवतंच आणि सगळं विस्कटतं.

आठच्या आधी पोलीस रस्ता बंद करतात. तिसऱ्या रांगेपासून मागे उंचावलेले मोबाइल सोडून काही दिसत नाही, लहान मुलांचे तर हालच. सहलींच्या मोसमात तासभर आधी पोचा. कमान दोन्ही टोकांना उघडी आहे, त्यामुळे पावसावाऱ्यात मधोमध उभं राहिलेलं बरं.

भिंतींवर 54 हजारांहून जास्त बेपत्ता सैनिकांची नावं आहेत, त्यांत चारशेहून अधिक भारतीय. नावं रेजिमेंटनुसार, मग हुद्द्यानुसार लावलेली असल्यामुळे ऐनवेळी शोधणं व्यर्थ. युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरून पॅनेल क्रमांक आधीच टिपून न्या आणि उजेडात वाचून घ्या; जिन्यांवर आणि वरच्या मजल्यावरही नावं आहेत. एखाद्याचे अवशेष सापडून ओळख पटली की त्याला नावानिशी कबर मिळते आणि इथलं नाव काढतात.

पुष्पचक्र वाहायचं असेल तर आयोजक लास्ट पोस्ट असोसिएशनला आगाऊ कळवावं लागतं. परतीच्या ट्रेनची वेळ आधीच बघून ठेवा. स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे.